देवाच्या आधीचं ताट

आमच्या घरी देव वर्षातून एकदा यायचा आणि तो आला की मोठ्यानं शिंकायचीही चोरी व्हायची. खेडहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं चिखलातून चालत, असं आमचं गाव. एरवी बाबा शांत माणूस. गुरांनी वाफा तुडवला तरी आवाज चढायचा नाही. पण चतुर्थीला गणपती पाटावर बसला की त्यांचे डोळे चारी दिशांना फिरायला लागायचे. घर क्षणभरही रिकामं सोडायचं नाही, समई विझू द्यायची नाही, नैवेद्य दाखवायच्या आधी कशाची चव घ्यायची नाही. एका वर्षी आईनं घाटल्याचा, म्हणजे गोड खिरीचा, थेंब सवयीनं जिभेला लावला, तर बाबांनी सगळं पातेलं गुरांपुढं ओतायला लावलं. त्या दिवशी घरात फक्त गुरं खूश होती.

या भीतीला कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. बाबा लहान असताना एका चतुर्थीला, देव घरात बसलेला असताना, भाऊबंदांतलं कुणीतरी वारल्याची बातमी आली. भाऊबंद गेला की सुतक लागतं आणि सुतकाच्या घरात देव राहू शकत नाही. मग ज्यांना सुतक नव्हतं अशा शेजाऱ्यांनी येऊन आरती नाही, गाऱ्हाणं नाही, असा तो गणपती उचलला आणि पऱ्यात, गावच्या ओढ्यात, नेऊन सोडला. त्याच पावसाळ्यात बाबांची धाकटी बहीण तापानं गेली. या दोन गोष्टींची बाबांच्या मनात जी गाठ बसली ती कधी सुटली नाही. शेजारी देव उचलून नेताना त्याचा एक हात दाराला आपटून तुटला होता, हे ते आम्हाला दर वर्षी सांगत आणि सांगताना स्वतःचा हात पोटाशी धरत.

सुतकाचा एक नियम मात्र बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. सुतक माणूस गेल्यापासून लागत नाही, बातमी कानावर आल्यापासून लागतं. जोवर कळलेलं नाही तोवर घर शुद्ध, देव खुशाल. त्यामुळं आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या माणसाला अंगणातच विचारायची पद्धत होती, सगळं बरं ना म्हणून. त्यानंही मान हलवायची पद्धत होती.

त्या वर्षी मी रत्नागिरीला डी.एड. करत होते. वसतिगृहात राहायची, चार बुकं वाचलेली, त्यामुळं शिंगं फुटलेली. चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी बाबांना विचारलं की तुम्ही देवाला नुसते भिता की तुमची त्याच्यावर मायाही आहे. बाबा समईची वात सारखी करत होते. म्हणाले, "देव काय शेजारी हाय, माया लावायला?" काकी स्वयंपाकघरातून फिसकन हसली. मला माझा प्रश्न फार हुशारीचा वाटला होता, त्यामुळं तिच्या हसण्याचा राग आला.

काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला कामाला, गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे आणि शिमगा नि गणपती अशा दोन सणांना गावी यायचे. मूलबाळ नव्हतं. दोन सणांच्या मधला सगळा काळ काकी आमच्याबरोबर शेतात राबायची आणि त्यात तिचं तोंड कधी बंद नसायचं. घरात देवाला न भिणारी ती एकटीच. म्हणजे नियम पाळायची, पण गणपतीच्या सोंडेवरून फडकं फिरवताना "सर्दी झाली काय रं," असं विचारायची. बाबांसमोर मात्र नाही. बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं नाही. बाबाही तिला काही सांगायचं झालं तर आईच्या नावानं भिंतीला सांगत. एका छपराखाली इतकी वर्षं काढून त्या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

काकांना चतुर्थीची रजा मिळाली नव्हती. पंचमीच्या सकाळच्या गाडीनं ते येणार होते. काकीनं त्यांच्या वाटणीचं ठेवायला एक पितळेचा डबा घासून लखलखीत केला होता. देवाला नैवेद्य दाखवला की आमची पानं वाढायच्या आधी ती त्या डब्यात एक करंजी, एक लाडू टाकायची. आधी देव, मग नवरा, मग आपण. हा तिनं स्वतः काढलेला क्रम होता आणि आई त्यावरून तिची थट्टा करायची.

पंचमीला बाबा काकांना आणायला खेडला गेले आणि दुपारी एकटेच परत आले. भिजलेले, एका बाजूला कलून चालत होते. अंगणातूनच आईला म्हणाले की रजा नाही मिळाली, गौरी झाल्या की येईल. शिवाय एसटी स्टँडवर पाय घसरून पडलो, पाठ धरली आहे, मला खाली वाकवणार नाही, तेव्हा पूजा पोरीला करू दे. काकीनं डबा आपटून फळीवर ठेवला आणि येऊ दे त्याला, एक वडा देईन तर शपथ, असं बडबडत आत गेली.

मला भाऊ नाही. घरात दुसरा पुरुष नव्हता. तरी मुलीनं गणपतीची पूजा करायची हे आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं आणि बाबांच्या तोंडून ते निघावं याचं मला इतकं नवल वाटलं, की त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं राहूनच गेलं. मी न्हाऊन सोवळ्यानं देवापुढं बसले. बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले आणि तिथून सांगत राहिले, आधी दूर्वा, मग फूल, घंटा डाव्या हातात. उंबऱ्याच्या आत ते आलेच नाहीत. रात्री आरतीला वाडीतली माणसं जमली तेव्हा एरवी ज्यांच्या झांजेपुढं बाकीच्यांचा आवाज हरवायचा ते बाबा पडवीतच घोंगडीवर पडून होते. जेवायला पेज मागत, गोडाला हात लावत नसत. पाठीला गोड बाधतं का, असं काकीनं आईला विचारलं, आणि दोघी हसल्या. मी त्या दिवसांत फार सुखात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. बाबांची भीती कमी होते आहे, माझ्या प्रश्नानं त्यांच्यात काहीतरी हललं आहे, असं मी मनाशी धरून चालले होते.

दिवसातून दोनदा बाबा उठायचे आणि काठी टेकत बांध बघायला म्हणून पाणवठ्याच्या वाटेला जायचे. पाठ धरलेला माणूस भर पावसात बांध कसले बघतो, हे आईनं एकदा विचारलं. बाबा काठी घेऊन चालू लागले.

गौरी आणायच्या दिवशी त्यांनी आईजवळ निरोप दिला, की पाणवठ्याच्या वाटेवर मोठं जनावर दिसलं आहे, बायकांनी वरच्या वाटेनं यावं. आमच्याकडे गौर म्हणजे मुळासकट उपटलेला तेरडा. तो पाणवठ्यावर धुऊन, पुजून, गाणी म्हणत घरी आणायचा. त्याची वाट ठरलेली. काकी म्हणाली, जनावर असलं तर गौर बघून घेईल, तिची वाट मी बदलणार नाही. आणि आम्ही नेहमीच्याच वाटेनं आलो. वाटेत किंजळीचं मोठं झाड आहे, तिथं बायका दर वर्षी गौर घेऊन जरा टेकतात. काकी सगळ्यांत पुढं होती. किंजळीच्या बुंध्याशी ती थांबली, गौर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वर बघून म्हणाली की यंदा पालवी काय दाट आहे, पाऊस खाली येतच नाही. मग तिनं तिथंच एक गाणं सुरू केलं. पडवीतून ती वाट दिसते. आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा उभे होते, काठीशिवाय.

दुसऱ्या दिवशी गौरीचा सण. काकीनं काकांनी शिमग्याला आणलेलं लुगडं काढलं. हातात हिरवा चुडा भरला. सुपात पानं, फळं, काकडी मांडून सवाष्णी गौरीला ओवसतात. नवऱ्याला आयुष्य मागायचं असतं. ओवसताना काकी डोळे मिटायची नाही. गौरीच्या मुखवट्याकडं रोखून बघत, ओठ हलवत, तिच्याशी भांडल्यासारखं मागायची. तशीच त्या दिवशीही मागत होती. पडवीत बाबांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

विसर्जनाला बाबा आले, पण सगळ्यांच्या मागून. गणपती, गौर पऱ्यात सोडून आम्ही परत आलो. रिकामा पाट काकीच्या डोक्यावर होता. अंगणात आल्यावर बाबा पायरीच्या खालीच बसले, चिखलात. आईला म्हणाले,

"तिला सांग. माजा भाव गेला."

आईला आधी कळलंच नाही. काकीला कळलं. तिनं पाट डोक्यावरून उतरवला, भिंतीला नीट उभा केला आणि पदर न सावरता बाबांकडं तोंड करून विचारलं, "कवा?"

बाबा म्हणाले, "चवथीच्या आदल्या दिशी." आणि मग भिंतीकडं नव्हे, तिच्याचकडं बघत सगळं सांगून टाकलं. काका कामावरच छातीत कळ येऊन गेले होते. तार करण्यापेक्षा माणूसच पाठवू, असं खोलीवरच्यांनी ठरवलं होतं. अग्नी देऊन झाला होता. पंचमीला खेडच्या स्टँडवर काकांऐवजी त्यांचा खोलीवरचा सोबती उतरला आणि त्यानं अस्थींचं गाडगं फडक्यात बांधून बाबांच्या हाती दिलं. बाबांनी त्यालाही गावात येऊ दिलं नाही, बुरोंडीला त्याच्या बहिणीकडं धाडलं. अस्थी घरात आणायच्या नसतात, झाडाला टांगतात. बाबांनी त्या आपल्याच जमिनीतल्या किंजळीला, दाट पालवीत, उंच बांधल्या. ती बायकांची टेकायची जागा आहे हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गौर आणायच्या आदल्या संध्याकाळी आलं. पहाटे काढायला गेले, तर हात धजला नाही.

काकी ऐकत होती. ती रडली नाही. ती म्हणाली, "मी ओवसले तवा तो नव्हता."

बाबांनी मान हलवली.

"मी त्याच्या खाली हुबी व्हते."

काकी आत गेली आणि तो पितळेचा डबा घेऊन बाहेर आली. रोजचं एक एक करत तो काठोकाठ भरला होता. तिनं तो बाबांपुढं चिखलात ठेवला. झाकण उघडलं आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं. आई दारावर थापा मारत राहिली. माझ्या हाताला अजून देवाच्या गंधाचा वास येत होता आणि मला तो धुवून टाकावासा वाटत होता. धुतला तर काय होईल याची भीतीही वाटत होती. इतकी शिकलेली मी, पण भीती वाटली.

पुढचे दिवस गावात वेगळीच चर्चा चालली. काकीच्या दुःखाची कुणाला फारशी पडली नव्हती. नवरा नसलेल्या बाईनं गौर आणली, गौरीला ओवसलं, आता गावावर काय येणार, हा प्रश्न होता. देवळात माणसं बसली. गुरवानं देवीला कौल लावला. शेवटी असं ठरलं, की काकीला ठाऊक नव्हतं, तेव्हा तिला दोष नाही. सुतक कळूनही घरात देव ठेवला तो बाबांनी, दोष त्यांचा. त्यांनी देवीला नारळ आणि राखणदाराला कोंबडा द्यावा. बाबांनी निमूट दिला. मी उंबऱ्याच्या आत गेलो नाही, देवाला शिवलो नाही, गोड खाल्लं नाही, एकट्यानं सुतक पाळलं, हे ते सांगू शकले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसं त्यांनी ते सगळं खाल्लं.

किंजळीखाली त्यानंतर बायका टेकेनात. गौर वरच्या वाटेनं येऊ लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. दोन-तीन वर्षांत त्या झाडावर काहीतरी आहे असं झालं आणि कुणी बुंध्याला शेंदूरही फासला. नव्या आलेल्या सुनांना तर ती वाट का सोडली हेही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा मंडणगड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायला लागले होते. मुलांना सांगायची की घाबरून कुणी चांगलं होत नसतं. घरी आले की मात्र मीही त्या झाडाकडं बघायचं टाळायची.

बाबांना मी एकदा विचारलं. त्यांची पाठ तेव्हा खरोखरच गेली होती. मी विचारलं की तुम्ही ते देवाला भिऊन केलंत, की काकीला चार दिवस मिळावेत म्हणून. मला दुसरं उत्तर हवं होतं, हे त्यांना कळलं असणार. त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले की स्टँडवर गाडगं हातात आलं तेव्हा आधी तिचा हिरवा चुडा डोळ्यांपुढं आला. मग दाराला आपटलेला देवाचा हात. की आधी हात आणि मग चुडा, ते आता आठवत नाही. इतकी वर्षं मी आधी चुडाच असं स्वतःला सांगत आलो आहे, त्यामुळं खरं काय ते माझ्यापाशी उरलेलं नाही.

मला त्यांचा राग आला. कीवही आली. आधी काय आलं ते माझ्याही ध्यानात नाही.

काकी आमच्याकडेच राहिली. तिचं हसू गेलं नाही, पण कमी झालं आणि बाबांशी ती पुन्हा कधी बोलली नाही. काकांचं श्राद्ध दर वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायचं, त्यानंतर लगेच गणपती. ती सगळा स्वयंपाक करायची आणि देवापुढं यायची नाही. देवाच्या सोंडेवरून फडकं आता मी फिरवायची, न बोलता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी गौरीच्या सणाला घरी आले होते. घावनं, घाटलं झालं होतं. आईनं नैवेद्याचं पान वाढून देवापुढं ठेवलं होतं आणि बाबांची पाठ गेल्यापासून पूजा माझ्याकडेच होती. तेवढ्यात काकीनं एक ताट वाढून घेतलं. त्यावर केळीचं पान झाकलं आणि मागच्या दारानं निघाली. देवाला अजून दाखवलेलं नव्हतं. मी तिच्या मागोमाग गेले. ती किंजळीखाली गेली. बुंध्यावर कुणी लावलेला शेंदूर ओला झाला होता, त्यावर पाठ टेकून बसली, ताट शेजारी ठेवलं, पान काढलं. मला बघून तिला नवल वाटलं नाही. दर वर्षी आणते, म्हणाली. इतकी वर्षं माझ्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे.

मी विचारलं, "काकी, देवाच्या आधी?"

ती म्हणाली, "चार दिस माजा नवरा झाडाला टांगून देवानं गोड खाल्लान. आता त्यानं जरा थांबावं."

तिच्या आवाजात राग नव्हता. पावसाचं बोलावं तशी ती बोलली. मी तिथं उभी राहिले, मग लाज वाटून परत फिरले.

घरात आरतीची माणसं खोळंबली होती. मी निरांजनाची वात पुढं केली आणि काडी ओढली. पडवीतून बाबांचा आवाज आला. ते भिंतीला धरून उभे होते आणि त्यांचे डोळे पाणवठ्याच्या वाटेवर होते. घाटल्याचं पातेलं गुरांना घालणारा हाच माणूस.

"थांब," ते म्हणाले. "तिला येऊ दे."

काडी माझ्या बोटांपर्यंत जळत आली, मी ती टाकली. काकी दर वर्षी ताट घेऊन जाते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त मलाच कधी दिसलं नव्हतं. पान वाढलेलं होतं, देव पाटावर बसलेला होता आणि काकी परत येईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.